मुंगीचं वजन

मुंगी दूध प्यायला लागली की तिच्या कपाळावर घाम यायचा. थंडीचे दिवस. आम्ही मोठी माणसं स्वेटरवर शाल गुंडाळून शेतात उतरायचो आणि ही एवढीशी पोर माझ्या शालीखाली घामाने डबडबून जायची. चार घोट प्यायची, धापा टाकायची, तोंड सोडायची आणि झोपायची. जागी केली की रडायची. रडणं तरी कसं, दोन घरं सोडून कुणीतरी रडतंय असं वाटावं. तळव्याला टिचक्या मारून झाल्या, गालाला ओला हात लावून झाला, कान चोळून झाले. परत तोंडाशी धरली की परत चार घोट आणि परत घाम.

आणि डॉक्टर म्हणत होता, वजन वाढतंय.

माझं डोकं तिथेच फिरायचं. वाढतंय तर कुठे वाढतंय? मांडीला हात लावला तर कातडी चिमटीत यायची. हाताची कांकणं मी तिच्या दंडातून वर सरकवली असती तर खांद्यापर्यंत गेली असती. पण काटा म्हणतो वाढतंय, म्हणजे वाढतंय. काट्यापुढे आईला कोण विचारतो!

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हाच लहानखुरी होती, म्हणून सासूबाई हातात घेऊन म्हणाल्या, "मुंगी आहे मुंगी! पण बघाल, डोंगर उचलेल." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमचं घर म्हणजे मालकाच्या कापसाच्या गोदामामागच्या दोन खोल्या. नवरा मालकाची ट्रॉली चालवतो, मी आणि सासूबाई कापूस वेचतो. त्या वर्षी ऐन वेचणीत आभाळ भरून यायला लागलं. पाऊस पडत नव्हता, पण रोज दुपारनंतर ढग येऊन डोक्यावर बसायचे. फुटलेला कापूस भिजला की मातीमोल. त्यामुळे मालक पायाला भिंगरी लावल्यासारखा बांधावरून फिरायचा आणि मुकादम आमच्या डोक्यावर बसायचा. सुट्टी हा शब्द काढायची सोय नव्हती. जी बाई एक दिवस आली नाही तिची ओळ दुसरीला दिली, असा खाक्या.

मी मुंगीला बांधावरच्या झाडाखाली टोपलीत ठेवायचे. दोन-तीन ओळी झाल्या की कमरेची ओटी रिकामी करायची, बोटांच्या ओरखड्यांतलं रक्त शालीला पुसायचं आणि तिला घ्यायचं. बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात, नखांच्या कडेला रक्त येतं. त्या बोटांनी पोरीचा गाल धरायचीसुद्धा भीती वाटायची.

"प्यायली का?" शेजारच्या ओळीतली बाई विचारायची. तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत वाजते.

"प्यायली," मी म्हणायचे.

"लगेच? माझी पोरं तर तासभर सोडायची नाहीत."

"तुमच्या पोरांचं तुमच्याजवळ ठेवा की."

"अगं, रागावतेस काय! दूध पातळ असेल तुझं. तसंही होतं कुणाकुणाचं."

असं बोलून ती पुढच्या झाडाला हात घालायची. मला वाटायचं, ओटीतला सगळा कापूस हिच्या तोंडात कोंबावा.

संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागायची. तो आमच्याकडचा रोजचा तमाशा. वेचणीचं मोल वजनावर, त्यामुळे मुकादम आणि बायका यांच्यात उंदरा-मांजराचा खेळ चालायचा. कुणी कापसावर ओला फडका दाबून आणायची, कुणी गाठोड्याच्या पोटात न फुटलेली हिरवी बोंडं लपवायची. मुकादम कोपरापर्यंत हात घालून गाठोडं चाचपायचा आणि बोंड सापडलं की सगळ्यांना दाखवायचा. "हे बघा, हिने अंडी घातली!" मग हशा. जिचं सापडायचं तीसुद्धा हसायची. यात कुणाला चोरी वाटायची नाही. मुकादमही काट्याला अंगठा लावायचाच की!

सासूबाईंचं मात्र कधी सापडलं नाही. आयुष्य गेलं त्यांचं वेचणीत. कितीसं पाणी मारलं की हाताला लागत नाही पण काट्याला लागतं, हे त्यांना झोपेतही कळायचं. मुकादम म्हणायचा, "म्हातारे, तुझं गाठोडं जड का, ते मला मरायच्या आधी सांगून जा." त्या म्हणायच्या, "तू आधी मर, मग सांगते."

दवाखाना आमच्या वस्तीच्या तोंडाशीच. डॉक्टर म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा रोज सकाळी स्वतः घरी यायचा, कधी पैशाचं नाव काढलं नाही. सासूबाईंच्या लेखी त्याच्या हाताला गुण होता, आणि त्यापुढे कुणी काही बोलायचं नाही.

पण मी कशी विसरू? मुंगीला पहिल्यांदा वजनाला नेली तेव्हा वजन जन्मापेक्षाही खाली गेलेलं. बाकावर सगळी वस्ती बसलेली, आणि डॉक्टर दारात उभं राहून म्हणाला, "आईचं लक्ष कुठे असतं? पोर उपाशी आहे हे कळत नाही? दूध पाजायला काय शिकवणी लावायची?" सगळ्यांच्या नजरा माझ्या छातीवर. मला वाटलं, जमीन फाटावी. दुसऱ्या दिवशी शेतात पोचायच्या आधी रेडिओ वाजून मोकळी झाली होती. मी ओळीत खाली मान घालून रडत वेचलं. सासूबाई माझ्या मागच्या ओळीत होत्या. त्या दिवशी त्यांनी माझीही ओळ अर्धी वेचून दिली.

तेव्हापासून वजनाला मुंगीला त्याच न्यायच्या. "तू बस बाहेर. मी नेते आत. तुला बोललं की तुझं दूध आटतं." थंडी म्हणून त्यांनी एक छोटी गोधडी शिवली होती, घरच्या कापसाची, चांगली गुबगुबीत. त्यात गुंडाळूनच मुंगी काट्यावर जायची. कंपाउंडर माकडटोपी घालून शेकत बसलेला. तो म्हणायचा, "राहू द्या, राहू द्या, उघडी करू नका. गोधडीचे पाव किलो मी वजा करतो." आणि दरवेळी काटा थोडा पुढे.

त्या आठवड्यात मीच हटून आत गेले. डॉक्टर गर्दीत होता. काट्याकडे बघून म्हणाला, "वाढतंय की छान! आता काय तक्रार?"

"डॉक्टर, ती पीत नाही. पिताना घाम येतो. दम लागतो."

"गोधडीत गुंडाळून पाजलं तर घाम येणारच."

"गोधडीशिवायही येतो. एकदा तुम्ही बघा ना तिला पिताना."

"बाई, न पिता वजन वाढणारं मूल मी अजून पाहिलं नाही. तुमच्या मनाला घोर लागलाय, बाकी काही नाही. पुढचा कोण?"

मागून कुणीतरी हसलं. मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, एक शब्द तरी बोलतील. त्या मुंगीला छातीशी धरून खाली बघत होत्या. मला त्यांचा इतका राग आला, की घरापर्यंत मी पुढे आणि त्या मागे, अशा चाललो.

रात्री जेवताना मी विषय काढला. "मला दुसरा डॉक्टर हवा."

नवऱ्याने लगेच मान हलवली. "मीही तेच म्हणतोय. बाजारगावात लहान मुलांचा वेगळा डॉक्टर बसतो म्हणे, बाजाराच्या दिवशी. ट्रॉली घेऊन तिकडे जायचंच आहे मला."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या.

"का नको, आई?"

"घरच्यासारखा डॉक्टर सोडून परक्याच्या दारात जायचं? तुझ्या बापाचं सगळं त्याने केलं. उद्या मालकाच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे गेलं तर. ओळ काढून घेईल, अजून काय करेल?"

"बोलायला सोपं आहे."

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही का? तुम्ही तिला रोज न्हाऊ घालता. तुमच्या हाताला बरगड्या लागत नाहीत?"

त्या ताटातलं बोटाने सारखं करत बसल्या. "होईल हळूहळू. काही मुलं उशिरा धरतात."

"तो नवीन डॉक्टर नीट तपासेल. सगळे कपडे काढून तपासतात म्हणे तिथे," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "एवढ्या थंडीत? पोर मारायची आहे का तुम्हाला?" असं म्हणून त्या उठल्याच. मला वाटलं, म्हातारीला नातीपेक्षा डॉक्टरचा मान मोठा झाला. तसं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, आणि त्याने ऐकून घेतलं. बाजाराच्या दिवशी जायचं, असं ठरलं.

बाजार तीन दिवसांवर होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंगीने तोंड फिरवलं. एकदा घेतली, दोनदा घेतली, ती नुसती ओठ टेकवून पडून राहिली. श्वास मात्र धावत आल्यासारखा. मी शेतात गेले नाही. मुकादमाला काय सांगायचं ते सांगा म्हणून सासूबाईंना पाठवलं. त्या दारातून दोनदा मागे फिरल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

थोड्या वेळाने मी वाटी-चमच्याने दूध पाजायला बघितलं. पोटात गेलं त्याच्या दुप्पट बाहेर आलं, सगळं गोधडीवर. एरवी ती गोधडी सासूबाई मला धुऊ द्यायच्या नाहीत. "तुझी बोटं फुटलीत, मी धुते," म्हणून हातातून ओढून घ्यायच्या. त्या दिवशी त्या नव्हत्या. मी मुंगीला खाटेवर झोपवलं, दार उघडं ठेवलं म्हणजे ती दिसेल, आणि गोधडी घेऊन दगडावर बसले.

हातात घेतली तेव्हाच कळायला हवं होतं. बादलीत सोडली तर मधला भाग वर तरंगला आणि कडा सरळ तळाला गेल्या. मी कड चाचपली. आत काहीतरी सरकत होतं. खडे असावेत असं वाटलं. दोन टाके दातांनी तोडले, आणि माझ्या तळहातावर सरकी ओघळली. कापसातून निघते ती सरकी, काळी, टणक. चारही कडांना बोटभर नळी शिवून त्यात ठासून भरलेली. एका कडेचे टाके जुने, मळलेले. दुसरीचे त्याहून नवे. चौथ्या कडेचा दोरा अजून पांढराशुभ्र होता.

हात थंड पाण्यात होते आणि कानशिलं तापली होती. प्रत्येक वजनाला थोडी-थोडी सरकी. पोर वाढत नव्हती, गोधडी वाढत होती. आणि मी त्या डॉक्टरला शिव्या घालत होते, नवऱ्याच्या मागे लागत होते, की ह्याला डोळे नाहीत.

मुंगीला शालीत बांधून मी तशीच शेतात निघाले. ओली गोधडी दुसऱ्या हातात. पाणी माझ्या पायांवर ठिबकत होतं. बायका ओळींतून वर बघायला लागल्या. सासूबाईंनी मला लांबून पाहिलं, हातातली गोधडी पाहिली आणि वेचायच्या थांबल्या.

"हे काय आहे, आई?"

त्या गोधडी घ्यायला पुढे झाल्या.

"बोला ना! कापसाचं गाठोडं आहे का हे? मुकादम आहे का तो? कुणाला फसवत होता तुम्ही?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? माझी पोर भुकेने मरतेय आणि तुम्ही तिला सरकी लावून जड करताय!"

सासूबाई मातीत खाली बसल्या. ओटी भरलेली होती, तशाच बसल्या. "पहिल्या वेळी तुला किती बोलला तो. सगळ्या वस्तीदेखत. तू चार दिवस धड जेवली नाहीस. घरी आलीस की छाती दाबून रडायचीस. मला वाटलं, एवढ्या वेळी वजन दिसू दे. तुझं मन थाऱ्यावर आलं की दूध येईल, दूध आलं की पोर भरेल. मग सरकी काढून टाकीन. कुणाला कळणार नाही."

"आणि मग?"

"मग पुढच्या वेळी काढली असती तर वजन उतरलं असतं. परत तुलाच बोलला असता. म्हणून अजून थोडी घातली." त्यांनी तोंडाला शाल लावली. "दरवेळी वाटायचं, पुढच्या आठवड्यात भरेल. अगं, मी काही पोरीच्या वाइटासाठी..."

"काल रात्रीसुद्धा बोलला नाहीत!"

"कोणत्या तोंडाने बोलू?"

मी त्यांना काय म्हटलं ते सगळं इथे सांगत नाही. सुनेने सासूला म्हणू नये असं बरंच म्हटलं. रेडिओ दोन ओळी सोडून उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. कुणीतरी गोदामाकडे धावलं असणार, कारण तेवढ्यात नवरा ट्रॉली तशीच सोडून धापा टाकत आला.

त्याने सगळं ऐकलं. आईकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "परवा नाही, उद्याच जाऊ बाजारगावात. तो डॉक्टर नसेल तर दुसरा कुणी शोधू. इथे आता काय तोंड दाखवायचं? त्याला कळलं तर आईची शोभा, आपली शोभा. तिकडे नवीन माणूस, नवीन काटा. मागचं कुणी विचारणार नाही."

खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं ते. कुणाला काही सांगायला नको. वस्तीत म्हणता आलं असतं, ह्या डॉक्टरला काही कळेना म्हणून बदलला. सगळा दोष त्याच्यावर. आणि तो होताच की थोडा तसा, गोधडी एकदाही न उघडणारा!

मग मी शालीत हात घातला. मुंगीच्या नाकपुड्या फुलत होत्या. ओठांच्या कडा जांभळ्या दिसत होत्या, जांभळ्या की सावलीमुळे तशा, मला कळेना. मी तिला उजेडात धरली. जांभळ्याच होत्या.

"उद्या नाही," मी म्हणाले. "आत्ता. इथेच."

"अगं, पण तो..."

"तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून डॉक्टर बदलायचा? डॉक्टर बदलायचा तर पोरीसाठी बदलू. आत्ता जो जवळ आहे तो माझा डॉक्टर. खरं सांगू आणि मग बघू त्याला काय कळतं ते."

मुकादम बांधावरून ओरडला, "अहो, गाठोडी! ढग बघा जरा!" कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मी चालायला लागले, मागून नवरा. आणि त्याच्या मागून सासूबाई, कमरेची भरलेली ओटी तशीच.

बाक नेहमीसारखा भरलेला. कंपाउंडरने शेकता-शेकता वर बघितलं. "कालच झालं ना वजन? बरं, ठेवा. राहू द्या गुंडाळलेली."

मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई पुढे आल्या. माझ्या हातातून त्यांनी मुंगीला घेतलं, बाकाच्या कडेवर ठेवलं आणि शाल सोडली. मग झबलं. मग लंगोट. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. कुणाच्या तरी तोंडून "आई गं!" असं निघालं. बरगड्या मोजता येत होत्या आणि प्रत्येक श्वासाला पोटाच्या वरचा खळगा आत जात होता.

काट्यावर ठेवल्यावर कंपाउंडरने डोळे बारीक केले, काट्याला टिचकी मारली. "बिघडला वाटतं."

"काटा चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी बिघडवत होते. गोधडीत सरकी भरून आणत होते मी. सुनेला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं."

डॉक्टर आतून आला होता आणि दारात उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "काय केलंत हे? कळतंय का तुम्हाला काय केलंत? मी वजनावर विश्वास ठेवून..."

"डॉक्टर!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ओरडायचं असेल तर मागाहून ओरडा. आम्ही कुठे पळून जात नाही. आमचं चुकलं ते चुकलं. पण तुम्ही गोधडी एकदा तरी उघडली का? मी म्हणत होते, तिला पिताना बघा. आत्ता बघा."

त्याने हाताने आत चला म्हणून खूण केली.

आत त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसला. मी मुंगीला छातीशी धरली. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. ती एकदा ओढायला गेली, सोडलं. परत ओढलं. कपाळावर घामाचे थेंब आले, तसे त्याने बोटाने टिपून बघितले. मग तिला टेबलावर घेतलं आणि छातीला नळी लावली. एवढा वेळ त्याने कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, परत पुढून. पोट दाबून पाहिलं. बाहेर बाकावर कुणी खोकलं तर कंपाउंडरने दार लावून घेतलं.

"हृदयात आवाज आहे," शेवटी तो म्हणाला. "बहुतेक छिद्र असावं. पिण्याची मेहनत झेपत नाही तिला, म्हणून घाम, म्हणून दम. तुमचं दूध चांगलं आहे. तुमच्या दुधात काही खोट नाही, आणि नव्हतीही."

मी एवढ्या दिवसांत रडले नव्हते तेवढी तिथे रडले. नवरा भिंतीला टेकून उभा होता. "वाचेल ना?" त्याने विचारलं.

"वेळेत पोचलात तर उपाय आहेत. औषधं आहेत, लागलंच तर ऑपरेशन आहे. पण माझ्याकडे नाही." डॉक्टरने नळी गळ्यातून काढली. "मी तिचा डॉक्टर नाही राहायला पाहिजे. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, आत्ताच. बाजारगावात थांबू नका. मी फोन करतो तिथे, आणि माझी गाडी घेऊन जा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिल्या दिवशी छाती ऐकली होती मी. तेव्हा आवाज नव्हता. नंतर वजन वाढतंय म्हणून ऐकलीच नाही."

माफी मागितली असं नाही म्हणता येणार. पण गाडीपर्यंत मुंगीला त्यानेच उचलून आणलं, आणि बाकावरच्या सगळ्यांदेखत माझ्या हातात देताना म्हणाला, "ह्या बाईने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

सासूबाई पायरीवर उभ्या राहिल्या. गाडीत बसेनात. "तुम्ही जा. मी कशाला? मी घर बघते."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाठ केली होती. मला त्यांचा राग येत होता, अजूनही येतो, खोटं कशाला बोलू? पण माझे हात एवढे थरथरत होते की मुंगीचं डोकं हलत होतं, आणि ह्या बाईइतकं मूल घट्ट आणि अलगद धरणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं.

"आत बसा," मी म्हणाले. "पोर तुम्ही धरा. माझ्याने धरवत नाहीये."

त्या बसल्या. वाटेत पाऊस सुरू झाला. मागे शेतात सगळा कापूस भिजत असणार, मुकादम बोंबलत असणार. आमच्यापैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही. सासूबाई सगळा रस्ता मुंगीच्या तोंडाजवळ कान नेऊन तिचा श्वास ऐकत बसल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यात माणसं वाटच बघत होती. फोन पोचला होता. लांब पॅसेज, फिनेलचा वास, एक तरुण नर्स ट्रॉली ढकलत आली. "आधी वजन," ती म्हणाली. "अंगावरचं सगळं काढा, आजी."

सासूबाईंनी काढलं. सगळं काढलं, पायातले मोजेसुद्धा. मुंगीला दोन्ही हातांनी काट्यावर ठेवलं आणि हात पटकन दूर घेतले, चुकूनही त्यांचा भार लागू नये म्हणून. लाल आकडे थरथरले आणि थांबले. नर्सने वाचले, तिच्या कपाळाला आठी पडली.

"मागच्या वेळी किती होतं?" तिने मला विचारलं.

माझ्या आधी सासूबाई बोलल्या.

"मागचं धरू नका, बाई. मागचं वजन माझं होतं. हे एवढंच तिचं आहे."